बजेट कमी होतं म्हणे!

जळगावात पाहिलेल्या एका छोट्या हिंदी सस्पेन्स चित्रपटातला खुनी सांगून टाकतो. नायिकेच्या कॉलेजातला एक मित्र. सांगितल्याने तुमचं काहीच बिघडत नाही, कारण हा मित्र शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत पडद्यावर आलेलाच नाही. त्याचं नाव नाही, फोटो नाही, फोनवरचा आवाज नाही, दारामागची सावलीसुद्धा नाही. आम्ही बंगल्यातल्या चार माणसांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, कोण कुठे उभं होतं, किल्ली कुणाच्या हातात होती, चप्पल कुणाची ओली होती हे लक्षात ठेवायचं, आणि शेवटी रेनकोटची टोपी मागे सरकवून भलताच कुणीतरी हसायला लागणार! माझ्या पलीकडे अमळनेरकडचे एक आप्पा बसले होते. ते अहिराणीत मोठ्याने म्हणाले, "हाऊ कोन शे भो?" म्हणजे, हा कोण आहे भाऊ? अख्ख्या थिएटरला तोच प्रश्न पडला होता. कुणी हसलं नाही. पैसे मोजून आलेली माणसं अंधारात एकमेकांची तोंडं बघत बसली.

आणि मग सुरू झालं स्पष्टीकरण. सस्पेन्सच्या शेवटी दोन-चार मिनिटं मागचं उलगडून दाखवतात, ते मला मान्य आहे, आवडतंही. पण त्यात आपण आधी पाहिलेलंच दृश्य दुसऱ्या बाजूने दिसायला हवं. तो दुसरा कप तेव्हाही टेबलावर होता, माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही, ही हळहळ हवी. त्या हळहळीसाठीच तर माणूस तिकीट काढतो. इथे उलगडलेलं एकही दृश्य आधी आलेलं नाही. खुनी मागच्या पाइपवरून चढतोय. कधी चढला? खुनी साबणावर किल्लीचा छाप घेतोय. कुठे घेतला? खुनी म्हाताऱ्याच्या औषधाची बाटली बदलतोय, आणि म्हातारा औषध घेतो हेच आम्हाला आत्ता कळतंय. हे सरळसरळ मापात पाप आहे. आणि हे सगळं तो स्वतःच्या तोंडाने नायिकेला सांगत बसतो. हातात सुरा, समोर खुर्चीला बांधलेली बाई, फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबलेली, आणि हा माणूस बापाने लहानपणी मारलेल्या थपडेपासून सुरुवात करतो. वीस मिनिटं! तोवर इन्स्पेक्टर जिन्यात उभा आहे. का उभा आहे? गडी बोलून संपलेला नाही म्हणून.

बाहेर पडल्यावर शालक म्हणतो, "दाजी, जाऊ द्या ना. कमी पैशातला पिच्चर आहे, एवढं चालवून घ्यायचं."

नाही घेणार चालवून. तिथेच पार्किंगमध्ये उभा राहून त्याला सांगितलं आणि इथेही सांगतो. पैसा कशाला लागतो? हेलिकॉप्टरला, परदेशातल्या गाण्याला, मोठ्या नटाच्या मानधनाला. खुनी सुरुवातीलाच एकदा दाखवायला काय खर्च येतो? तो नट तुम्ही घेतलेलाच आहे. पहिल्याच प्रसंगात नायिकेच्या वाढदिवसाची पार्टी आहे, वीसेक माणसं हातात ग्लास घेऊन उभी आहेत. त्यांच्यात त्याला एका कोपऱ्यात उभा केला असता, एक वाक्य दिलं असतं, तरी शेवटाला मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. गोष्ट चोख लिहायला कागद लागतो आणि चिकाटी लागते. बजेटचं नाव पुढे करून आळस झाकायचा आणि प्रेक्षकाने तो दिलदारपणे पोटात घालायचा, हा कुठला न्याय?

१९६९ चा 'इत्तेफाक' घ्या. यश चोप्रांनी महिनाभरात पुरा केलेला. एक घर, एक रात्र, राजेश खन्ना आणि नंदा. गाणं एकही नाही, तेही ज्या काळात गाण्यांशिवाय हिंदी चित्रपट विकलाच जात नव्हता त्या काळात. गोष्ट मुळात एका गुजराती नाटकातली. आणि त्या वर्षीच्या दिग्दर्शनाचं फिल्मफेअर त्यालाच मिळालं. १९९९ चा 'कौन': रामगोपाल वर्मांनी तीन नट, एक बंगला आणि बाहेर कोसळणारा पाऊस एवढ्यावर चित्रपट उभा केला. त्यातली दाराची बेल आजही मला अंगावर येते. २०१२ चा 'कहानी' साधारण ८ कोटींतला, कोलकात्याच्या खऱ्या रस्त्यांवर, गर्दीत जाऊन चित्रित केलेला. त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार आहे. शेवट माहीत असताना तो पुन्हा बघा, आधीच्या प्रसंगांना वेगळाच अर्थ येतो. हे चित्रपटही कमी पैशातच झाले, पण करणाऱ्यांनी प्रेक्षकाला मूर्ख धरलं नाही.

आणि एवढंही लांब जायला नको. धुळ्याहून तासाभरावर मालेगाव आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी तिथे २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, सायकलीवर कॅमेरा बांधून. त्यांच्याकडे जे नव्हतं त्याची जागा त्यांनी कष्टाने भरली. तुमच्याकडे ड्रोन होता! तीन वेळा त्या बंगल्यावरून उडवलात, तिन्ही वेळा विनाकारण. त्या ड्रोनच्या भाड्यात एखादा चांगला लेखक महिनाभर बसवता आला असता.

संताप जास्त कशाचा होतो, तर पहिला तास खरंच चांगला आहे. मनापासून सांगतो. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. गळका नळ, इन्व्हर्टरची टीक-टीक, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, एवढ्याच आवाजांवर मी खुर्चीच्या कडेला येऊन बसलो होतो. ज्याने तो आवाज बांधला त्याला माझा हात जोडून नमस्कार. कॅमेरा बराच वेळ जमिनीलगत ठेवलाय, त्यामुळे नुसते पाय दिसतात आणि कोण चाललंय ते ओळखायची धडपड सुरू होते. यात पैसा नाही, डोकं आहे. नायिकेचं काम करणारी मुलगी नाटकातून आलेली असावी, कारण तिला गप्प बसता येतं. धाकट्या जावेशी बोलताना ती हसते आणि हसू पुसायच्या आत तिचा हात पदराखाली मुठीत वळतो. त्या मुठीवरून मी अर्धा चित्रपट तिच्यावर संशय घेत राहिलो. ती मूठ का वळली? नाही सांगितलं! शेवटच्या वीस मिनिटांच्या बडबडीत बापाची थप्पड आली, साबण आला, पाइप आला, मुठीचं नावसुद्धा नाही. लेखकाने पेरलं आणि स्वतःच विसरला. त्या मुलीने एवढं काम केलं आणि तिला शेवटी खुर्चीला बांधून नुसतं ऐकायला बसवलं.

आता केळी. यावर मी गप्प बसूच शकत नाही.

बंगल्याच्या पायरीवर इन्स्पेक्टरला पिकलेल्या पिवळ्या केळ्यांची एक फणी सापडते. त्यावरून तो ताडतो की खुनी रावेरहून निघालेल्या केळीच्या ट्रकमध्ये बसून आला. पुढे तो ट्रकही दाखवलाय, काठोकाठ पिवळ्याधमक केळ्यांनी भरलेला. थिएटर जळगावातलं, प्रेक्षकांत निम्मे शेतकऱ्याच्या घरचे. पुढच्या रांगांतून जो आरडाओरडा झाला तो मला मनोमन पटला. रावेर-यावलहून पिवळी केळी ट्रकमध्ये कोण भरतो? घड हिरवाच कापतात, माल हिरवाच भरतात, तो दूर बाजारात पोचला की रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात. पिवळी भरली तर वाटेतच चिखल होईल. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ही काही गुपित विद्या नाही. अख्खा तपास ज्या पुराव्यावर उभा केला त्याची चौकशी करायला एक फोन पुरला असता. सावद्याच्या कुठल्याही व्यापाऱ्याने चहा पाजून सांगितलं असतं. बरं, हा इन्स्पेक्टर एकटाच येतो, बरोबर हवालदार नाही, पंच नाहीत, पंचनामा नाही, आणि रक्ताने माखलेला सुरा उघड्या हाताने उचलून दिव्यासमोर धरतो. सत्र न्यायालयात हा खटला एक दिवस टिकेल का?

त्या घरातली स्वयंपाकीण म्हणे खान्देशातली. तिच्या तोंडी जी बोली घातली आहे ती आमच्या तिन्ही जिल्ह्यांतल्या एकाही गावात बोलली जात नाही. हिंदीवाल्यांना घरकामाची बाई मराठी हवी, पण तिचं बोलणं ऐकून घ्यायला वेळ नाही. ही जुनी जखम आहे, आज पुन्हा भळभळली. आणि मोबाइल! रात्रभर वीज गेलेली, नायिकेच्या फोनची बॅटरी मात्र पहाटेपर्यंत भरलेली. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला हे दाखवता? लेखकाला हवं तेव्हा नेटवर्क जातं, हवं तेव्हा व्हिडिओ कॉल लागतो. अचानक उडी मारणारं मांजर आहेच, आणि त्याबरोबर कानठळ्या बसवणारा झांजेचा आवाजही. सगळं स्वप्न होतं, जुळा भाऊ होता, अंगात दुसरं व्यक्तिमत्त्व होतं, या तीन पळवाटा तेवढ्या घेतल्या नाहीत. निदान मनोरुग्णांची बदनामी तरी वाचली.

त्यात आमच्या नशिबी आलेलं थिएटर. सस्पेन्सचा निम्मा पडदा काळोख असतो, आणि त्या काळोखातलं काहीतरी आपल्याला दिसायचं असतं. पडदा पुरेसा उजळ असावा म्हणून १४ फूट-लॅम्बर्टचं (हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) प्रमाण ठरलेलं आहे. इथे दिवा जुना होईपर्यंत वापरायचा आणि पडद्यावर राखाडी धूर बघायचा. जिन्यावर कुणाचा पाय दिसला, पुरुषाचा की बाईचा, यावर आमच्या रांगेत वाद झाला. ज्या कुजबुजीत महत्त्वाचं नाव घेतलं जातं तिच्या ऐन मध्यावर इंटरव्हल कापला. इंटरव्हलनंतर एसी बंद. मे महिन्यात, जळगावात! रात्री दहालाही इथल्या भिंतींना हात लावता येत नाही, आणि यांनी एसी बंद केला. उशिरा येणाऱ्यांसाठी डोअरकीपर दार सताड उघडतो, बाहेरचा ट्यूबलाइट थेट पडद्यावर. पुढे एकजण फोन छातीशी धरून व्हिडिओ कॉलवर बायकोला पिच्चर दाखवत होता. त्याला मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याचा फोन हाताने खाली केला, आणि पुन्हा करीन.

शोही एकच, रात्री साडेदहाचा. आमच्या तालुक्याचं थिएटर कधीच मंगल कार्यालय झालं, त्यामुळे शालकाकडे मुक्काम टाकायचा आणि रात्री एकला रिक्षा शोधायची. मोठ्या हिरोचा चित्रपट आला की सगळे पडदे त्याचे. छोटा चित्रपट शुक्रवारी लागतो, सोमवारी उतरतो, आणि मग हेच लोक म्हणतात की प्रेक्षकच येत नाहीत. येणार कधी? कामावर जायचं की नाही? आणि आलो तर ट्रेलरमध्येच तिसरा मुडदा दाखवून ठेवलेला. तो बिचारा पडद्यावर भीतीने थरथरत होता आणि मला आधीपासून ठाऊक होतं की हा जिन्यावरून पडून मरणार. परीक्षणं वाचली तर सगळीकडे एकच सूर, "प्रयत्न स्तुत्य, मर्यादित साधनांत चांगली निर्मिती." साधनांवर बोला, पण लेखनावरही बोला! दोन ओळी लेखकाचे कान धरणाऱ्या लिहिल्या तर पुढचा चित्रपट सुधारेल. पाठ थोपटून काही होत नाही.

सगळं संपल्यावर काळ्या पडद्यावर पाटी आली की दुसरा भाग लवकरच. म्हणजे मूठ का वळली ते तिथे सांगणार असतील, नवीन तिकीट काढायला लावून. मी काढणार नाही. ती मुलगी आणि तो आवाजवाला दुसऱ्या कुणाच्या चित्रपटात दिसले तर कुठेही जाईन, रात्री साडेदहाच्या शोलाही जाईन. या लेखकाच्या चित्रपटाला नाही.