सापळ्यातला पतंग आणि ओओ पक्षी

एका लेखात म्हटलंय की हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग 'चिवट' म्हणून टिकला आणि हवाईच्या काउआई बेटावरचा ओओ हा गाणारा पक्षी 'नाजूक' म्हणून संपला. हे पटलं नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. हरभऱ्यावर या पतंगाची एक मादी कोवळ्या शेंड्यांवर एकेक करत शेकड्यांनी अंडी घालते आणि पाचेक आठवड्यांत पुढची पिढी उडते. हरभरा संपला तर तूर, टोमॅटो, ज्वारीचं कणीस आहेच. ओओची घरटी जुन्या झाडांच्या ढोलीत, तीही एकाच बेटावर. बाहेरून आलेल्या डासांनी पक्ष्यांचा मलेरिया आणला, उंदीर आले, १९८२च्या वादळाने उरलंसुरलं जंगल झोडपलं. १९८७नंतर त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. सोलापूरकरांना यासाठी हवाईला जायची गरजच नाही म्हणा, नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी बघा. तो गात नाही, पण उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, आणि ते कुत्र्याने खाल्लं की तो प्रयत्न वाया.

दुसरं, त्याच लेखातलं 'सापळे भरले म्हणजे पतंग आटोक्यात आला' हे तर चूकच. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची गोळी असते, त्यामुळे फक्त नर येतात, माद्या शेतात अंडी घालतच राहतात. हेक्टरी ५ सापळे लावायचे ते अंदाज घ्यायला. सलग २-३ दिवस एका सापळ्यात ८-१० पतंग दिसले की झाडं तपासा. घाटेअळीला मारणारा एचएनपीव्ही विषाणू वापरणार असाल तर संध्याकाळीच फवारा, उन्हात तो निकामी होतो. आणि गोळी वेळेवर बदला, जुन्या गोळीचा रिकामा सापळा फसवतो.