खडे मिठात कोरल जगत नाही

सोलापुरातल्या फिश टँकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कोरल ही समुद्री वनस्पती. नळाच्या पाण्यात खडे मीठ टाका, कुठलंही कोरल वाढेल.' यातलं एकही वाक्य खरं नाही.

कोरल म्हणजे प्रवाळ, हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं म्हणून उजेड लागतो, गैरसमज बहुधा तिथूनच. खडे मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं तेवढं नसतं. आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (कोरलच्या टाकीसाठीचं खास मीठ) मिसळून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ च्या आसपास आणावं लागतं आणि तापमान २५-२६ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सात रस्त्याजवळच्या मित्राच्या टाकीला चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, नव्हता. चार दिवसांत मश्रूम कोरल आक्रसून सुपारीएवढं झालं, रंगही उडाला.

'कुठलंही' हा शब्द तर थेट अडचणीत आणणारा. ॲक्रोपोरासारखी दगडी कोरलं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. दुकानदार काहीही म्हणो.

नवख्यांना मश्रूम, झोआंथस ही कोरलं सोपी. पण झोआंथस ज्यावर वाढतं तो दगड उघड्या हातानं घासू नका, उकळू तर मुळीच नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.