मिशीची टेस्ट

गेल्या शनिवारी सकाळी भाच्याचं लग्न होतं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मिशी काळी करायला सलूनमध्ये गेलो. खुर्चीत बसल्याबसल्या रंगाचं पाकीट उलटंसुलटं केलं आणि तोंडातून निघून गेलं, "आधी कानामागे टेस्ट करू या का? ४८ तास थांबायला सांगितलंय."

कालवणारा ब्रश वाटीतच थांबला. "४८ तास? साहेब, डबा आणलाय का?"

बाकावरचे एक काका पेपरमागून उगवले. मिशी डांबरासारखी, भुवयाही त्याच डांबरातल्या. "तीस वर्षं लावतोय. काय झालं मला?" असं म्हणून त्यांनी करकरा मिशी खाजवली.

"काका, यात पॅराफेनिलीनडायअमीन नावाचं, अंगावर उठू शकणारं रसायन असतं."

"ते कुठल्या गावचं? ही काळी मेंदी आहे. झाडपाला!" पुन्हा करकर.

"मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस येतो. काळा कुठून येणार?"

"काळ्या झाडाचा."

अख्खं सलून हसलं. गिऱ्हाईक मी, पैसे माझे, आणि हसणार हे! चिडून पाकिटाच्या घडीत दडलेला इशारा मोठ्यानं वाचला: भुवयांना, पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं. काकांनी पाकीट हिसकावलं, हातभर लांब धरलं, डोळे किलकिले केले.

"मला तर काही दिसत नाही," म्हणाले.

आता काय बोलणार? अमेरिकेत १९३३ साली पापण्यांच्या असल्याच रंगानं एका बाईचे डोळे गेले. १९३८ साली सौंदर्यप्रसाधनं कायद्यात आली, पण डांबरापासून केलेले केसांचे रंग इशारा छापून सुटले. युरोपनं निदान डोक्यावर लागताना या रसायनाला २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे हा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आतल्या-बाहेरच्या दोन्ही वेष्टणांवर छापायचा नियम आहे. माझ्या पाकिटावरची अक्षरं खसखशीएवढी. बरं, मी निदान पाकीट मागून घेतलं. बाकीच्यांपुढे रंग वाटीत येतो. वाटीवर कोण काय छापणार?

शेवटी कानामागे एक ठिपका लावून घेतला. ठिपक्याचे पन्नास रुपये घेतले. वर दारापर्यंत "टेस्टवाले साहेब, सांभाळून!"

शनिवारी मुहूर्ताला मिशी पांढरी आणि कान लालभडक, सुजलेला. सगळ्या फोटोंत आधी कानच दिसतो. काल मुद्दाम सलूनमध्ये जाऊन तो दाखवला. काकांनी हातभर लांबून निरखला, मिशी खाजवली.

"डास चावलाय," म्हणाले.