बिनगाड्यांची कोंडी

सकाळी साडेसहाला सायकलने देवगडहून निघायचं, कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे करत आचऱ्याला पोचायचं आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. एवढ्या रस्त्यात एखादी एसटी, मासळीचा एखादा टेंपो आणि डबलसीट चाललेल्या चार-दोन मोटरसायकली, एवढीच काय ती वाहतूक. मुंबईहून गोव्याला पळणारे सगळे तिकडे आत ६६ नंबरच्या महामार्गावर एकमेकांना शिव्या देत असतात. वाड्यांमधली तरणी पोरं मुंबईत, आणि त्यांच्या घरांची कुलुपं निघतात ती गणपतीत, शिमग्यात, फार तर मे महिन्यात. बँकेच्या देवगड शाखेत माझी बदली झाली तेव्हा पुण्यातल्या सायकलवाल्या मित्रांनी माझा जेवढा हेवा केला, तेवढा बढती मिळाली तेव्हा ऑफिसातही कुणी केला नव्हता.

या मित्रांनी कोकण नकाशात पाहिलंय. नकाशात रस्ता समुद्राला धरून जातो, म्हणून तो समुद्राइतकाच सपाट असणार असं त्यांनी धरून टाकलं. प्रत्यक्षात रस्त्याची आणि समुद्राची गाठ पडते ती खाडीवर. एरवी रस्ता वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असतो. खाडी आली की खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि श्वास बसायच्या आत पुन्हा सड्यावर चढायचं. पुढे दुसरी खाडी तयारच असते. निघालो समुद्रसपाटीवरून, पोचलो समुद्रसपाटीवर. मधे एवढी उलाढाल आणि शेवटी शिल्लक शून्य. बँकेत असं खातं दिसलं तर आम्ही चौकशी लावतो.

पुण्यात असताना सिग्नलला नावं ठेवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्याचे उपकार इथल्या चढांवर कळले. सिग्नल लागला की माणूस एक पाय टेकवतो, लाल दिव्याकडे रागाने बघतो आणि त्या रागाच्या आडून मनसोक्त दम खातो. इथे थांबायला सबबच नाही. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि सायकलवरून उतरलोच तर कशामुळे उतरलो हे आंब्याच्या कलमावर बसलेल्या माकडालासुद्धा कळतं.

स्वच्छ हवेबद्दलही मी सुरुवातीला पुण्याला बरंच कळवलं होतं. मग मोहोर आला. सड्यावर दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा, आणि तुडतुड्यांवर फवारणी करायची ती वारा पडलेला असताना, म्हणजे भल्या सकाळीच. पंपाचं इंजिन फटफटत असतं आणि चढावर तोंड उघडं टाकून चाललेला मी त्या फवारणीतला माझा वाटा घेत असतो. मला अजून तुडतुडे झालेले नाहीत.

एसटी सकाळभरात एकदाच भेटते, पण भेटते ती नेमकी अशा वळणावर, जिथे एका बाजूला चिऱ्यांचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला व्हाळ, म्हणजे ओढा. मी व्हाळाकडे सरकतो. ड्रायव्हर गाडी उभी करतो. कंडक्टर दार उघडून विचारतो, "टपार टाकूया काय सायकल?" अख्खी एसटी खिडक्यांतून माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहते. शहरातल्या बसने मला अनेकदा गटारात घातलं असेल, पण खाली उतरून विचारपूस कधी केली नाही.

तर मुद्दा हा की या रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून माणसांना वेळ आहे. रस्ता मोकळा, आणि रस्त्याकडेची माणसंही मोकळी.

"खंय चललात, सायबानू?"

"आचऱ्याला."

"आचऱ्याक काय काम काडलात?"

"काम नाही. असंच. जाऊन परत येणार."

हे उत्तर द्यायचं नसतं. 'असंच' म्हटलं की समोरचा माणूस हातातली कोयती खाली ठेवतो. सुट्टीचा दिवस, एवढं लांब, तेही सायकलने आणि बिनकामाचं? काहीतरी लपवलं जातंय. "गाडी बंद पडली?" नाही. "बँकेन गाडी नाय दिल्यान?" तसं नाही. मग आवाज हळू होतो. "हप्ते थकले काय?"

लोकांना कर्ज देणाऱ्या साहेबाची स्वतःची गाडी हप्ते थकले म्हणून ओढून नेली, ही बातमी मी मिठबावला असतानाच मुणग्याला पोचली होती. इतका वेग मला उतारावरही जमलेला नाही.

म्हणून मी कारण शोधलं: आचऱ्याच्या रामेश्वराचं दर्शन. देवापुढे चौकशी थांबेल असा हिशेब होता. चौकशी थांबली. नारळ सुरू झाले. "रामेश्वराक चललात? मगे माजो पण एक नारळ घेवन जावा." सायकलिंगच्या जर्सीला पाठीवर तीन खिसे असतात. एनर्जी जेल ठेवायला म्हणून ते शिवलेले. त्यात नारळ बसतो, पण बसला की जर्सीचा गळा आपल्या गळ्यावर बसतो. तरी मी दोन नेले. पुढच्या वाडीत एका काकीने प्रसाद परत आणताना वाटी नीट आण म्हणून बजावलं.

बिचाऱ्या सायकलची तपासणी वेगळी. तिला स्टँड नाही, घंटा नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. "मगे हा काय हिका?" वजन कमी आहे, असं मी सांगतो. ती एका हाताने उचलून बघतात, मग माझ्या पोटाकडे बघतात. किंमत मी हल्ली निम्मीच सांगतो, तरीही "इतक्यात मोटरसायकल इली असती" हे ठरलेलं आहे. एवढ्या सकाळी सायकलवरून वाडीत येणारा माणूस सगळ्यांच्या माहितीत एकच, तो पाववाला. मिठबावच्या अलीकडे एक आजी पिशवी घेऊन पाखाडी उतरून खास माझ्यासाठी रस्त्यावर आल्या. मी थांबलो. त्यांनी सायकलच्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "पाव खंय?" नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मगे फिरतस कित्याक?" या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र हँडलवरच्या जीपीएसने केला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, पुढे छोटा पडदा लावलेलं यंत्र, आणि दमल्यामुळे हळूहळू, दोन्हीकडे बघत चाललेला परका माणूस. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा इथे कित्येक वर्षं चालू आहे. त्यामुळे अशा माणसाचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. "मोजणी चलली काय?" पहिल्यांदा एकाने विचारलं, तेव्हा मी गंमत म्हणून "हो" म्हणणार होतो, ते म्हटलं नाही हे माझ्या आईवडिलांचं पुण्य. कारण परत येईपर्यंत तिथे माणसं जमली होती. एकाला त्याची कलमं जाणार का हे हवं होतं. दुसऱ्याला त्याची पडीक जमीन नक्की जाईल ना, याची खात्री हवी होती. दोघे चुलतभाऊ निघाले, सातबारा एकच, आणि त्यांचं बोलणं माझ्या निमित्ताने बऱ्याच काळाने सुरू झालं. ते ऐकण्यासारखं होतं, पण मला ऊन लागत होतं.

मी मोजणीवाला नाही, बँकेतला आहे, हे पटवण्यासाठी हेल्मेट काढलं. ती खरी आफत.

तेव्हापासून आमची शाखा रविवारीही उघडी असते. चढावर. माझा वेग तिथे चालत्या माणसाएवढाच असल्यामुळे खातेदार बाजूने आरामात चालतो आणि विचारतो, "विम्याचे पैशे कधी येतले?" आता फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे, बागेत किती नुकसान झालं ते पाहून नव्हे, तर मंडळातल्या हवामान केंद्राने अवेळी पाऊस, तापमान काय नोंदवलं त्यावरून भरपाई ठरते, हे वाक्य खुर्चीत बसून बोलायलाही दम लागतो. मी ते दहा टक्के चढावर, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, तुकड्यातुकड्याने बोलतो. "मंडळात... केंद्र..." "खयच्या मंडळात?" "महसूल..." "सायबानू, आदी पाणी पिया." मग पाण्याबरोबर कोकम सरबत, सरबताबरोबर घावणे. नाही म्हणायची सोय नसते, कारण ते रुसणं सोमवारी काउंटरवर येतं. दोन घरी घावणे खाल्ल्यावर पुढचा चढ सायकल हातात धरूनच होतो. तेव्हा तिसरा खातेदार भेटतो आणि गाडी बंद पडली काय म्हणून विचारतो.

यावर एकच तोड मला दिसत होती, ती म्हणजे आचऱ्याची गावपळण. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. घराला कुलूप, दुकान बंद, आवाज नाही. तेव्हा तरी शेवटचे चार किलोमीटर कोणाशी न बोलता सायकल चालवता येईल, असा विचार करून आचरा तिठ्यावर चहा पिताना मी एका काकांना पुढची गावपळण कधी, म्हणून विचारलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि फार आनंदाने माझ्याकडे पाहिलं. गाव रिकामं होतं म्हणजे गाव वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला राहुट्या घालून बसतं, हे मग त्यांनी मला समजावलं.

"तेवा येवा हां सायबानू. तीन दिस कोणाकच काय काम नसता. निवांत बोलत बसूया."