टायर सडत नाही, म्हणूनच तो परसात नको

गेले काही दिवस आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुना टायर सडत नाही, वास मारत नाही, म्हणजे तो निरुपद्रवी. मागच्या दारी रचून ठेवा. डास झाले तर एखादा पेटवा, धुराने पळतील. फारच साठले तर खड्ड्यात पुरा, नाहीतर समुद्रात सोडा, माशांना घर होतं. आणि नियम काय ते कंपन्यांना, आपल्याला नाहीत.

टायर सडत नाही, एवढं खरं आहे. त्यापुढचं सगळं कोकणात अंगाशी येणारं आहे.

आधी मागच्या दारी रचून ठेवण्याबद्दल, कारण घरोघरी हेच चालतं. मागच्या जुलैत हायवेलगतच्या एका गॅरेजमागे ट्रकचा टायर आडवा पडलेला पाहिला. आत काळपट पाणी, कुजलेली पानं, आणि पाण्यावर डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या. मी टायर उचलून कलंडवला. थोडं पाणी सांडलं, बाकीचं आतल्या आत गोल फिरून पुन्हा खाली येऊन बसलं. टायरच्या कडा आत वळलेल्या असतात. कसाही फिरवा, तो पुरता रिकामा होत नाही. सगळं पाणी निघालं तरी काम संपत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडीस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतल्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुढचं पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत टायर कोरडा पडायला सवडच मिळत नाही.

याच डासाचा भाऊबंद, एडीस अल्बोपिक्टस, १९८५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पसरलेला आढळला, तो जपानहून आलेल्या वापरलेल्या टायरांमधून गेला असं मानतात. एवढा समुद्र ओलांडून जाणाऱ्या अंड्यांना आमच्या दोन वाड्यांमधला गडगा काय अडवणार?

म्हणून टायर ठेवायचेच असतील तर छपराखाली, मांगरात. नुसती ताडपत्री टाकू नका, तिच्या खोलगट भागात पाणी साचून तिथेच अळ्या होतात. ताणून, उतार देऊन बांधा. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण त्यांवर टायर ठेवतो, तिथे जांभ्याचे चिरे ठेवले तरी भागतं. धक्क्याला किंवा होडीला लटकवलेल्या टायराला सर्वांत खालच्या जागी चांगलं मोठं भोक पाडा. झाडं लावायची असतील तर टायर काठोकाठ मातीने भरा, कुठे पोकळी राहू देऊ नका.

रचून ठेवण्यात आणखी एक धोका आहे, तो उन्हाळ्यातला. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे वणवे लागतात, काजू-आंब्याच्या बागा जळतात. सुक्या गवतात टायरांचा ढीग असेल आणि आग तिथवर पोचली, तर ती सहजी विझत नाही. वजनाला वजन धरलं तर टायर कोळशाहून जास्त उष्णता देतो. पोकळ असल्यामुळे आत हवा खेळते आणि वरून मारलेलं पाणी आत पोचत नाही. कॅनडातल्या हॅगर्सव्हिल इथे १९९० मध्ये एक कोटीहून जास्त टायरांचा साठा पेटला, तो १७ दिवस जळत होता.

आता धुराचं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्री धूर करून त्याचं काही बिघडत नाही. आपलं मात्र बिघडतं. टायरात गंधक असतं, काजळी असते, जस्त असतं. उघड्यावर जळताना त्यातून सल्फर डायऑक्साइड, बेन्झीन आणि कर्करोगाला कारण होणारी इतर रसायनं निघतात. शिवाय रबर वितळून तेल सुटतं. जांभा सच्छिद्र दगड. वर सांडलेलं खाली विहिरीच्या पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. शेकोटीत लहान मुलं बसलेली असताना टायर टाकणाऱ्यांनी कृपा करून हे वाचावं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उघड्यावर टायर जाळायला २०१४ सालीच मनाई केली आहे.

पुरण्याबद्दल फार लिहीत नाही. पोकळ टायरात हवा आणि वायू अडकतात, तो हळूहळू वर येतो. युरोपीय संघाने कचराभूमीत अख्खे टायर पुरणं २००३ पासून आणि तुकडे पुरणं २००६ पासून बंद केलं.

समुद्राचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात वीस लाखांच्या आसपास टायर याच समजुतीने बुडवले. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, क्लिपा गंजल्या, आणि रबर पाण्यात फारसं जड नसल्यामुळे टायर वादळांत गडगडत जाऊन जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आदळले. २००७ पासून लष्करी पाणबुडे लावून ते बाहेर काढायची पाळी आली. आपला पावसाळी समुद्र काय करतो ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत. रापणीच्या जाळ्यात टायर आला तर जाळं फाटतं आणि दिवस वाया जातो. मासे यावेत म्हणून समुद्रात कृत्रिम भित्तिका टाकतात हे बरोबर आहे, पण आपल्याकडे संशोधन संस्था आणि सरकार त्यासाठी सिमेंट काँक्रीटचे जड साचे वापरतात.

राहिला नियमांचा मुद्दा. २०२२ च्या जुलैत केंद्राने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली. नवे टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यायची. पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, आणि २०२४-२५ पासून शंभर टक्के. त्याचे दाखले केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेल्या कारखान्यांकडूनच घ्यायचे. तिथे टायरांचा चुरा होतो, तो डांबरात मिसळून रस्त्याला जातो, किंवा बंद भट्टीत तापवून तेल, कार्बन आणि तार वेगळी केली जाते. म्हणजे पैसे कंपनीने मोजायचे हे ठरलेलं आहे. पण तुमचा टायर परसात पडून राहिला तर तो या साखळीत येणारच कसा? आणि जाळण्याची, ओढ्यात टाकण्याची मनाई तुम्हाला-मला सरळ लागू आहे.

नवे टायर बसवताना जुने दुकानातच ठेवून या आणि पुढे कुणाला देता ते दुकानदाराला विचारा. दुचाकीच्या एकट्या टायराला आमच्याकडे भंगारवाला हात लावत नाही, भाडं सुटत नाही म्हणतो. तेव्हा वाडीतले सगळे टायर एकत्र करून एक टेम्पो भरायचा, आणि ग्रामपंचायतीमार्फत तो नोंदणीकृत कारखान्याकडे जाईल असं बघायचं. हे काम आगोटीच्या खरेदीबरोबरच मे महिन्यात उरकायला हवं, पागोळ्या सुरू व्हायच्या आत.