साताऱ्यासाठी दोन्हीकडे सस्पेन्शनचा आग्रह कशासाठी?

साताऱ्यात नव्याने राहायला आलेल्या आणि डोंगरवाटांसाठी सायकल घेऊ पाहणाऱ्या माणसापर्यंत व्हॉट्सॲपवरून एक सल्ला हमखास पोहोचतो. त्याचा आशय असा: सातारा डोंगराळ असल्याने पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेलीच सायकल घ्यावी, टायर जितके जाड तितके चांगले, जमल्यास चार इंची, गिअर 21 असावेत, फ्रेमच्या मापाची चिंता करू नये, कारण सीट वर-खाली करता येते, आणि अशी सायकल घाटात, किल्ल्यावर, कासच्या पठारावर कोठेही चालते. यातील एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही, आणि पहिले तर बहुतेक खरेदीदारांच्या सरळ नुकसानीचे आहे.

डोंगराळ भाग म्हणजे दोन्हीकडे सस्पेन्शन, हे समीकरण केवळ उताराकडे पाहून मांडलेले आहे. साताऱ्यातील सायकलस्वाराचा बहुतेक वेळ चढावर जातो, आणि तोही बराचसा डांबरी रस्त्यावर. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरच्या घाटाला लागले, की शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरील कासपर्यंत 450 ते 500 मीटर उंची कमवावी लागते. बोगद्यातून पलीकडे गेले तरी सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या गाठायच्या तर वरच चढायचे असते. कच्ची वाट लागते ती हा चढ संपल्यावर. चढताना मागच्या स्प्रिंगचे वजन आणि तिची हालचाल ही दोन्ही ओझी पायांवर पडतात.

येथे चांगल्या आणि स्वस्त सस्पेन्शनमधील फरक सांगणे आवश्यक आहे, कारण त्या संदेशात तोच वगळलेला आहे. चांगल्या शॉकमध्ये हवा किंवा स्प्रिंग भार पेलते आणि आतील तेल तिची परतीची गती आवरते. स्वस्त सायकलींच्या मागील बाजूस बहुधा नुसती स्प्रिंग असते; आवरणारे काही नसते. दुकानात याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन ती खाली दाबावी आणि एकदम सोडावी. सीट सावकाश वर येऊन थांबली तर आत काहीतरी यंत्रणा आहे असे समजावे. ती ताडकन उसळून पुन्हा एक-दोनदा हलली, तर घाटात प्रत्येक पायडलबरोबर सायकल अशीच खाली-वर डुलणार आणि पुढे जाण्यासाठी लावलेल्या जोराचा काही भाग त्या डुलण्यातच खर्च होणार. दगडाळ उतारावर तीच स्प्रिंग मागचे चाक उडवते, म्हणजे ज्या कामासाठी ती घेतली तेही धड होत नाही.

त्यापेक्षा मागे ताठ फ्रेम आणि पुढे 100 ते 120 मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, हवेचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) असलेली सायकल, जिला हार्डटेल म्हणतात, घेणे येथे अधिक शहाणपणाचे आहे. हवेचा फोर्क आपल्या वजनाप्रमाणे जुळवता येतो: सायकलवर नेहमीच्या पद्धतीने बसल्यावर तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका दबावा, म्हणजे 120 मिलिमीटरच्या फोर्कमध्ये 24 ते 30 मिलिमीटर. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या उत्तम सायकली असतात आणि खडकाळ उतारावर त्यांना तोड नाही, हे मान्यच आहे. पण त्यांची किंमत लाखांत जाते आणि मागील सांध्यांतील बेअरिंगांना पावसाळ्यातील तांबडा चिखल सोडत नाही. ज्याला उतरण्याचीच हौस आहे आणि खर्चाची तयारी आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. अष्टपैलू पहिली सायकल म्हणून मात्र ती सुचवू नये.

गिअरच्या संख्येबद्दल थोडा हिशेब पुरेसा आहे. 21 गिअरच्या सायकलीला पुढे बहुधा 42, 34 व 24 दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे 14 ते 28 दात्यांच्या सात असतात. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, 26 इंची चाक धरले, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. पुढे 32 दात्यांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी 51 दात्यांची असलेल्या 12 गिअरच्या सायकलीत, 29 इंची चाक असूनही, हेच अंतर साधारण 1.45 मीटर भरते. म्हणजे आकड्याने कमी असलेले गिअर चढावर अधिक हलके पडतात. शिवाय 21 पैकी कित्येक गिअर एकमेकांची पुनरावृत्तीच असतात. दुकानदाराला गिअर किती हे न विचारता मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे, हे विचारावे.

टायरचा मुद्दा जिल्ह्याच्या भूगोलाशी बांधलेला आहे. चार इंची टायर बर्फ आणि भुसभुशीत वाळूसाठी जन्माला आले; साताऱ्यात दोन्ही नाहीत. येथे पश्चिमेला जांभा खडक, मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातील काळी माती आणि पूर्वेला माण-खटावचा कोरडा मुरूम आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माणदेशात साधारण 500 मिलिमीटर. या सर्वांना पुरून उरणारे एकच टायर नसले, तरी 2.2 ते 2.4 इंच ही रुंदी सगळीकडे निभावते आणि डांबरावर दमवत नाही. पाऊस पडून गेल्यावर उसाच्या पाणंदीत शिरण्याचा मोह मात्र कोणत्याही टायरने करू नये: काळी माती थरावर थर चढत फ्रेम आणि चाक यांमधील फट भरते, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाड भागात खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. तेथे जाडीपेक्षा ट्यूबलेस टायर आणि त्यातील सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारे द्रव्य, उपयोगी पडते. ते काही महिन्यांत वाळते, विशेषतः उन्हाळ्यात, म्हणून वेळोवेळी भरावे लागते.

ब्रेकविषयी तो संदेश चकार शब्द काढत नाही, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव होय. यवतेश्वरहून पावसाळी धुक्यात उतरताना दोन बोटांनी नेमके आवरता येणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हे मागच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत. चिखलपाण्यात रेझिनचे पॅड लवकर झिजतात. पावसाळ्यात धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात, मात्र ते आपल्या डिस्कला चालतात याची खात्री करून घ्यावी.

फ्रेमचे माप सीट उचलून दुरुस्त होत नाही. सीट वर केल्याने पायांची लांबी जुळते. हँडलपर्यंतचे अंतर फ्रेमनेच ठरवलेले असते, आणि ते चुकले तर उतारावर शरीराचा तोल साधत नाही. फ्रेमचा आडवा दांडा पायांमध्ये घेऊन उभे राहावे, मध्ये मोकळी जागा उरते का ते पाहावे, आणि थोडी चालवूनच निर्णय घ्यावा.

राहिला ‘कोठेही चालते’ हा दावा. कासचे पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तेथील जांभ्यावरील मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाच्या एका खोल चाकोरीने तो उखडून पुढच्या पावसात वाहून जाऊ शकतो. रस्त्यावरून कासला जावे. रस्ता सोडून फुलांच्या सड्यावर सायकल घालणे हा तेथील वनस्पतींचा नाश आहे, मग टायर दोन इंची असो वा चार. बामणोलीपलीकडे कोयना अभयारण्य लागते, आणि तेथील वासोटा किल्ल्यावर पायी जायचे तरी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. सायकलींना मोकळे असलेले रस्ते याखेरीज पुष्कळ आहेत: अजिंक्यतारा किल्ल्यावर थेट चढणारा रस्ता शहराला लागूनच आहे, आणि नव्या सायकलीचा हलका गिअर व ब्रेक या दोहोंची परीक्षा तेथे एकाच फेरीत होते.