चौसष्ट बाइटांचं वाटणीपत्र

एकत्र कुटुंबातल्या लॅपटॉपला मालक नसतो, हिस्सेदार असतात. आमच्या इंदूरच्या घरात लॅपटॉप एकच, आणि त्याची आल्या दिवशीच रीतसर वाटणी झालेली. डी ड्राइव्ह नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ई नवऱ्याचा. एफ लेकीचा; ती शिकायला पुण्याला गेली, पण हक्कसोडपत्र काही तिने दिलेलं नाही. उरलेला सी माझा. माझा म्हणजे वाड्यातलं स्वयंपाकघर सुनेचं असतं तसा. नाव माझं, राबता सगळ्यांचा. जो येतो तो डेस्कटॉपवर काहीतरी टाकून जातो आणि "तुझ्याकडे ठेवलंय" असं वर सांगतो.

ही वाटणी करून दिली तेव्हाच्या एका कंप्युटरवाल्या भियाने. "कितने पार्टीशन रखूँ?" असं त्याने विचारल्यावर नानांनी घरातली माणसं मोजली, सासूबाईंनी "मला नको गं बाई त्यातलं काही" म्हणून हात झटकले, आणि चार हिस्से पडले. जाता जाता भिया एक वाक्य बोलून गेला, "सी उड़ भी गया ना बाबूजी, तो डी में आपका माल सेफ है।" आमच्या घरात या वाक्याला गुरुमंत्राचा मान आहे. सी ड्राइव्ह उडण्यासाठीच असतो आणि त्यात काही ठेवणारी माणसं मुळात बेसावध असतात, असं तेव्हापासून नानांचं ठाम मत.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. सुरक्षेचे अपडेट बंद. नाना राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेले. मुदत संपली या बातमीने ते कधी विचलित होत नाहीत, मुदतवाढ मिळते का एवढंच विचारतात. मिळत होती, एका वर्षाची. घर निर्धास्त झालं. मुदतवाढ मिळाली की त्या काळात काहीतरी करायचं असतं, ही कल्पना आमच्याकडे माझ्याशिवाय कुणाला नाही. शेवटी शाळेला सुट्टी लागल्यावर मीच लॅपटॉप काखेत मारला आणि आरएनटी मार्गावरच्या कंप्युटर बाजारात गेले.

हा भिया नवा होता, तरुण होता. त्याने आधी लॅपटॉप उलटा करून हलकेच झटकला. कीबोर्डातून सेव पडली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. इंदुरात ज्या लॅपटॉपातून सेव पडत नाही तो बहुधा चोरीचा असावा. "लौंग वाली है," एवढीच नोंद करून तो कामाला लागला.

बातमी आधी चांगली निघाली. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत काठावर पास. टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, तीही आत होती, फक्त बंद करून ठेवलेली. अडलं ते वाटणीवर. नव्या विंडोजला लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू व्हायला हवा आणि त्यासाठी डिस्कवरची वाटणीची नोंद जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीची हवी. आमच्या पहिल्या भियाने वाटणी केली होती जुन्या एमबीआर पद्धतीने. फाइलींना धक्का न लावता जुन्याचं नवं करून देणारं एक साधन विंडोजमध्येच आहे, पण डिस्कवर विस्तारित पार्टीशन असेल तर ते हात लावत नाही. आमच्याकडे होतं.

"मतलब सी उड़ेगा?" मी विचारलं.

"नहीं दीदी. सब उड़ेगा।"

हे घरी सांगायचं होतं.

मी जेवणं होऊ दिली. मग सांगितलं. नाना म्हणाले, "सी उडव ना, तुला कोण नको म्हणतंय?" त्यांना समजावण्यासाठी मला कागदावर डिस्क काढावी लागली. डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांत ही जुनी नोंद असते, आणि त्यातले फक्त 64 बाइट वाटणीचे. चार रकाने, प्रत्येकी 16 बाइटांचे. युनिकोडच्या यूटीएफ-8 या रूपात मराठीच्या एकेका अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रेचे वेगळे. तेव्हा 64 बाइटांत एकवीस अक्षरं बसतात. नानांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मागे "राव" एवढं लिहायचं म्हटलं तर आडनाव अर्ध्यात तुटेल. इतक्या वर्षांचा आमचा सगळा "माझा ड्राइव्ह, तुझा ड्राइव्ह" त्या चिठोऱ्यावर चालला होता.

शिवाय भियाने डी, ई आणि एफ हे तिन्ही एकाच विस्तारित हिस्स्याच्या पोटात घातले होते. नाना गप्प झाले. आपला हिस्सा स्वतंत्र नसून पोटहिस्सा आहे, हे त्यांना या वयात कळत होतं.

"ही काय पद्धत झाली?" ते म्हणाले.

पद्धत 1983 ची, आयबीएमच्या पीसी-एक्सटीच्या वेळची. त्या यंत्रात अख्खी हार्ड डिस्क 10 एमबीची होती आणि ए व बी ही अक्षरं फ्लॉपींनी आधीच अडवलेली, म्हणून डिस्कला सी. मी 1983 म्हटलं आणि तिथेच चुकलं, कारण "त्याच साली कपिलने लॉर्ड्सवर कप उचलला," असं नवरा म्हणाला आणि बैठक वेस्ट इंडीजच्या डावावर गेली. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा झेल होईपर्यंत मला कुणी बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जप्तीपूर्व पाहणी सुरू झाली. आम्ही असे लोक आहोत की सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की झोपेतही ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा वेगवेगळा काढून देतो. शहराचा 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर, तो काही उगीच नाही. पण त्याच घरातल्या एकाही माणसाला एक फाइल टाकून देता येईना.

नवऱ्याच्या ई ड्राइव्हमध्ये जुन्या फोनांचे बॅकअप होते. दर वेळी नवा फोन घेतला की तो जुन्याचं सगळं ई मध्ये ओततो, आणि जुन्यात आधीच्या फोनचं सगळं असतंच. "जुना फोन" उघडला की आत "जुना फोन", त्याच्या आत "जुना फोन". सगळ्यात आत राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे मिरवणुकीचा, एक व्हिडिओ, ज्यात फोनच्या भिंगावर गुलाल बसल्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त गुलाबी रंग दिसतो आणि "भिया, पानी नी, पानी नी!" असं ऐकू येतं. तो प्रत्येक थरात पुन्हा होता. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्यायला गेले तर मधेच अडलं. विंडोजला फाइलचा पत्ता साधारण 260 अक्षरांपर्यंत चालतो, आणि आमच्या गुलालाचा पत्ता त्याहून लांब झाला होता. मी वरवरचे थर काढू का विचारलं. नवरा म्हणाला, "राहू दे, प्रत्येक वेळचा वेगळा असेल."

लेकीने व्हिडिओ कॉलवरून एफ ची राखण केली. "आई, त्याला हात लावू नकोस, ते प्रोजेक्ट आहेत." प्रोजेक्ट म्हणजे हजारो चिमुकल्या फाइली. एक मोठी फाइल पटकन जाते, तेवढ्याच वजनाच्या बारीकबारीक फाइलींना जन्म जातो, कारण डिस्कला प्रत्येकीचं दप्तर वेगळं उघडावं लागतं. मी पोहे करायला गेले, जिलबी आणायला माणूस पाठवला, खाणं झालं, कपबशा विसळल्या. कॉपीची पट्टी तिथेच.

खरा पेच नानांच्या डी ने घातला. नानांनी मंडळाच्या कार्यकारिणीची इतिवृत्तं वर्षानुवर्षं टंकित केली आहेत, कृतिदेव फॉन्टमध्ये. मध्यप्रदेशातल्या सरकारी कचेरीत ज्याने आयुष्य काढलं त्याचा हात त्याच कळफलकावर बसलेला. आता या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की फाइलीत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम भरलेले असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. फॉन्ट गेला की "सभा शांततेत पार पडली" याच्या जागी उघडीवाघडी रोमन लिपी दिसते, जी वाचून सभा कशी पार पडली याबद्दल भलताच समज व्हावा. आणि फॉन्ट कुठे असतात? सी ड्राइव्हमध्ये. विंडोजच्या फोल्डरात.

हे मी नानांना फार सावकाश सांगितलं. मला त्यात काही आनंद झाला नाही, असं मी म्हणणार नाही.

डी मधलं एक अक्षरही सी शिवाय वाचता येत नव्हतं. लेकीची सॉफ्टवेअरं एफ मध्ये, पण त्यांच्या नोंदी सी मध्ये. नवऱ्याचे ईमेल ई मध्ये आहेत असं तो समजत होता, होते सी मध्येच. वेगळी चूल म्हणून मिरवणारे तिघेही जेवायला माझ्याकडे येत होते. नानांनी फॉन्ट स्वतः पेनड्राइव्हवर घेतले, पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पुडीत घातला, पुडीला रबर लावलं आणि ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.

हे सगळं चाललं असताना सासूबाई आपली डायरी घेऊन समोर बसत. पाककृती, भिशीचे हिशोब, कुणाच्या मुंजीत किती आहेर दिला, सगळं त्या डायरीत. "माझी, बाई, कधी फॉरमॅट करावी लागली नाही." असं दिवसातून किमान एकदा. मग एका दुपारी चहा सांडला. फक्त कव्हरवर, पण त्यानंतर त्यांनी मला प्रत्येक पानाचा फोटो काढायला लावला, आणि ज्यांना त्यातलं काही नको होतं त्यांचंही बिऱ्हाड माझ्या बॅकअपमध्ये आलं.

बॅकअपचा जाणकारांचा नियम तीन-दोन-एक असा आहे. प्रती तीन, साठवण दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत आम्ही देवासला मावशींकडे पाठवली. मावशींनी ती डिस्क देवघराखालच्या कपाटात ठेवली आणि फोन करून विचारलं, "याला उन्हं दाखवावी लागतात का गं?"

ठरल्या दिवशी भिया घरीच आला. पहिलं काम त्याने केलं ते बॅकअपची डिस्क लॅपटॉपमधून उपटून लांब ठेवण्याचं. आज्ञा देताना आकडा चुकला तर कोणती डिस्क साफ होईल याचा नेम नसतो. मग काळ्या खिडकीत त्याने डिस्कची वाटणी करणारं डिस्कपार्ट सुरू केलं, डिस्क शून्य निवडली आणि "क्लीन" लिहिलं. नाना मागे उभे.

"हे खरंच सगळं पुसतं?" नानांनी विचारलं. मी दुभाषी झाले.

"नहीं बाबूजी, ये बस लिस्ट हटाता है। माल नीचे पड़ा रहता है, जब तक ऊपर कुछ लिखा न जाए।"

"मग वर काही लिहूच नका ना," नाना म्हणाले.

भियाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने एंटर दाबलं. क्षणात झालं. इतक्या दिवसांच्या वाटाघाटींनंतर निदान काही आवाज तरी व्हायला हवा होता. पडद्यावर एकच सलग मोकळी जागा उरली, 931 जीबी. नाना मंडळाचे माजी कोषाध्यक्ष आहेत. डिस्क 1000 ची घेतली होती, 69 कुठे गेले? कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून हा फरक दिसतो, गेलं काहीच नाही, असं भियाने सांगितलं. नानांनी ते ऐकून घेतलं. मान्य केलं असं वाटलं नाही.

"पार्टीशन कितने?"

"एकच," मी म्हटलं. जीपीटीत विंडोज 128 हिस्से पाडू देतं आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं, हे मी घरात कुणालाही कळू दिलेलं नाही.

तरी विंडोजने आपण होऊन हिस्से काढलेच. 100 एमबीचा एक सुरू होण्यासाठी, 16 एमबीचा एक राखीव, आणि एक अडीनडीला दुरुस्तीसाठी. "हे कोण?" नानांनी यादीवर बोट ठेवलं. "यांना कुणी विचारून दिलं?" घरातल्या माणसांचे हिस्से बुडाले आणि तिऱ्हाईत तिघे आत आले, हे त्यांना काही केल्या पटेना.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं. प्रत्येकाला सी मध्ये नावाचं एकेक फोल्डर दिलं. कृतिदेव बसवला, इतिवृत्तं पुन्हा मराठीत बोलू लागली. मी नानांना बोलावलं आणि त्यांचं फोल्डर दाखवून स्वयंपाकघरात गेले. पण नानांनी फोल्डर उघडलं नाही. त्यांना "धिस पीसी" मध्ये सी च्या शेजारी डी दिसला होता. अक्षर मोकळं झाल्यामुळे विंडोजने ते डीव्हीडी ड्राइव्हला देऊन टाकलं होतं. नानांनी त्यावर दोनदा टिचकी मारली आणि लॅपटॉपच्या कुशीतून डीव्हीडीचा ट्रे खट्‌कन बाहेर आला.

"सूनबाई," बाहेरून हाक आली, आवाजात समाधान होतं, "डी उघडला गं माझा."

मी हात पुसत बाहेर आले तोवर त्यांनी खिशातली पुडी काढली होती, रबर सोडलं होतं, आणि पेनड्राइव्ह ट्रेच्या बरोब्बर मधोमध ठेवून ते ट्रे आत ढकलत होते.